शेपटीतली राखण

केवलराम मिस्त्रीला भिलाईत दोन नावं होती. हजेरीच्या रजिस्टरात केवलराम आणि पॅटर्न शॉपमध्ये ‘कावून’, म्हणजे त्याच्या बोलीत ‘का’. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारं हे खातं. फोरमनने सांगावं, हा कोपरा गोल कर. की हा विचारणार, कावून? रशियन साहेबाने बोटाने खूण करावी, इथे जरा उतार दे. की हा दुभाष्याची बाही धरणार, कावून? दुभाष्या बिचारा दोन्हीकडून मरायचा. पण उत्तर मिळालं की केवलरामचा चेहरा असा काही उजळायचा, की सांगणाऱ्यालाच वाटावं, आपण आज काहीतरी शहाणपणाचं बोललो. म्हणून लोक वैतागायचे आणि तरी सांगायचे.

माणूस भंडाऱ्याकडचा, साकोलीच्या पुढे दोन कोसांवरच्या खेड्यातला. घरी दीड एकर धान, बाकी पोट सुतारकीवर. बाप बैलबंड्या करायचा, आणि त्या घराची एक रीत होती. बंडी पुरी होत आली की सुताराने तिच्या लाकडात लोखंडाचा एक तुकडा लपवून बसवायचा आणि वरून पट्टी मारून घासून टाकायची, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये. ही बंडीची राखण. मालकाला ती कुठे आहे हे सांगायचं नाही, आहे हेसुद्धा सांगायचं नाही. सांगितलं की तिचा गुण गेला, असं बाप म्हणायचा.

केवलरामने आयुष्यात एकच बंडी राखणीशिवाय दिली, आणि ती नेमकी सख्ख्या भावाला. धाकटा सुखराम म्हणजे घाईचा पुतळा. पोळ्याच्या आधी बंडी पाहिजे म्हणून तो डोक्यावरच बसला होता. केवलरामने कशीबशी जुळवून दिली आणि राखण राहून गेली. पंधरा दिवसांनी नाल्याच्या उतारावर बंडी मोडली आणि सुखराम तिच्याखाली सापडला. घरी आणेपर्यंत जीव नव्हता. बाप एवढंच म्हणाला, राखण नव्हती. केवलरामने मान हलवली. जगातल्या यच्चयावत गोष्टींना कावून विचारणाऱ्या या माणसाने त्या एका गोष्टीला कधी विचारलं नाही. उत्तर आयतं हातात आलं होतं, ते त्याने घट्ट धरून ठेवलं.

पुढे गावात त्याचं मन लागेना. भिलाईला कारखाना उभा राहतोय, सुतार पाहिजेत, असं कानावर आलं तसा तो बायकोला, मथुराला घेऊन सत्तावन्न साली इकडे आला आणि कुरुदला दोन खोल्या घेऊन राहिला.

एकोणसाठच्या फेब्रुवारीत पहिल्या भट्टीतून लोखंडाची पहिली धार निघाली. सगळ्या कारखान्यात पेढे वाटले. थोडं लोखंड वाळूत सांडलं होतं, ते दोन दिवसांनी चुंबकाच्या क्रेनने उचलायला घेतलं. क्रेनच्या टोकाला बंडीच्या चाकाएवढं चुंबक. वीज सोडली की वाळूतलं लोखंड आपसूक वर जाऊन चिकटायचं. केवलराम तोंड वर करून पाहत उभा होता. त्यातला लिंबाएवढा एक तुकडा निसटला आणि त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर येऊन आदळला. दुसरा कुणी असता तर थरथरत घरी गेला असता. केवलरामला वाटलं, हा आपल्यासाठीच पडला. त्याने तो विचारून घेतला, घरी आणला, आणि मथुराने धुऊन, हळदकुंकू लावून देवघरात ठेवला. पहिल्या धारेचं लोखंड म्हणजे प्रसादच. त्या दिवसापासून त्या घरात तो तुकडा लोखंड म्हणून मोजला जायचा बंद झाला. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढे घोडं इथेच अडलं.

बासष्ट सालची गोष्ट. रशियातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या लाकडी पेट्यांत, आणि रिकाम्या पेट्या लिलावात निघायच्या. कुणी चुलीसाठी न्यायचं, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यासाठी. एका दुपारी केवलरामने पाहिलं, एक चष्मेवाला साहेब एकेक फळी उचलतो आहे, बोटाने टकटक करून कान लावतो आहे, आणि दहातल्या नऊ बाजूला टाकतो आहे. आता एवढं पाहिल्यावर हा गप्प बसेल होय?

“साहेब, फळीले कान कावून लावून राहिले?”

“आत चीर असली तर आवाज बसका येतो.”

“थे मले माहीत हाये. पन पेटीच्या लाकडाले एवढं कावून?”

“विमान करायचंय,” साहेब म्हणाला.

आजूबाजूचे दोघेतिघे फिदीफिदी हसले. केवलराम हसला नाही. त्याने ढिगातून एक फळी ओढली, डोळ्यासमोर धरून तिची रेष पाहिली आणि साहेबाच्या हातात दिली. “मंग थे नका घेऊ, हे घ्या. याची रेष सुतासारखी सरळ हाये.”

हे दिवाकरसाहेब. रायपूरला तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले, रोलिंग मिलमध्ये इंजिनियर, नागपूरला शिकत असताना विमान चालवायचं लायसन काढलेले. सेक्टर 10 मधल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात त्यांनी ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून त्यांच्या बायकोने, माधवीबाईंनी, अबोला धरला होता. पुढे पंखांवर ताणायचं कापड शिवायला त्याच बसल्या, तो भाग वेगळा.

केवलराम ड्यूटी सुटली की सायकल थेट सेक्टर 10 कडे वळवायचा. दोन वर्षं हा नेम चुकला नाही. पंख वरून फुगीर कावून? शेपटी एवढी लांब कावून? नाकापाशी इंजिन, मग मागे वजन कावून नको? दिवाकरसाहेब कागद घ्यायचे, पेन्सिल घ्यायचे आणि सांगत बसायचे. कधी कधी मधेच थांबून म्हणायचे, “हे मलाही नीट माहीत नाही मिस्त्री, पाहून सांगतो,” आणि दुसऱ्या दिवशी खरंच पाहून सांगायचे. भिलाईत कावूनचा कंटाळा न आलेला हा पहिला माणूस. केवलरामचा त्यांच्यावर जीव जडला, आणि जीव जडला तशी भीतीही शिरली. हा माणूस आपण जोडलेल्या लाकडावर बसून आभाळात जाणार.

त्रेसष्टच्या दिवाळीत शेपटीचा भाग बंद करायची वेळ आली. त्या दिवशी दिवाकरसाहेब ड्यूटीवर होते. केवलरामने सकाळी देवघरासमोर उभं राहून मथुराकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिने तो तुकडा लाल कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिला. “भाऊजीले नव्हतं भेटलं,” ती म्हणाली. “साहेबाले तरी भेटू द्या.”

आता बसवायचा कुठे? पुढे इंजिन, पायाने दाबायचे दांडे, तारा. तिथे साहेबाचे हात रोज जाणार. पंखात ठेवावा तर नुसतं कापड. केवलरामने विचार करून शेपटीच्या पोटातली एक जागा काढली. इंजिनापासून लांब, माणसापासून लांब, एकदा बंद झाली की जन्मात कुणाचा हात लागायचा नाही अशी. तिथल्या आडव्या ठोकळ्यात त्याने खाच कोरली, तुकडा बसवला, सरस भरला, वरून पातळ प्लायवूड मारून घासून गुळगुळीत केलं. हात फिरवला तर स्वतःलाच सापडेना. तो खूश होऊन घरी गेला.

जानेवारीत दिवाकरसाहेबांनी कलकत्त्याहून एक खोकं आणलं. लढाईच्या काळातल्या भंगार विमानातलं होकायंत्र, पण दोन तुकड्यांचं. एक पितळी डबी आणि एक तबकडी, मधे लांबलचक तार. डबीला उत्तर कुठे ते कळतं आणि तबकडीवरची सुई ते दाखवते.

“एकच कावून नाई?” केवलरामने विचारलंच.

“चालवणाऱ्यासमोर इंजिन आहे, बॅटरी आहे, दांडे आहेत. सगळं लोखंड. सुई भांबावते. म्हणून तबकडी समोर लावायची आणि डबी लांब, लोखंडापासून शक्य तितकी दूर.” असं म्हणत दिवाकरसाहेब नाकापासून शेपटीपर्यंत चालत गेले, वाकले, बंद केलेली एक बाजू सोडवून आत हात घालून पाहिलं आणि म्हणाले, “इथे. विमानात याहून निवांत जागा नाही.”

“मलेबी तसंच वाटलं होतं,” केवलराम बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

“कधी?”

“असंच. पाहून राहिलो होतो.”

त्याच्या मनात धास्ती एकच, आपली राखण उघडी पडू नये. लोखंड हा शब्द साहेबांनी दोनदा उच्चारला तरी त्याचा आणि देवघरातल्या प्रसादाचा काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. बाकी काळजी म्हणाल तर त्याने अशी घेतली की साहेबांनीही हात जोडावे. डबीसाठी सागाची छोटी फळी केली. स्क्रू सगळे पितळेचे. तरी एकेक स्क्रू चुंबकाला लावून पाहिला. काम करताना कमरेची किल्ली काढून ठेवली, चाकू काढून ठेवला. ती डबी त्याने त्याच ठोकळ्याच्या मागे, चार बोटं अंतर सोडून बसवली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाहणी करायला बाहेरगावाहून एक अधिकारी येणार होते. त्यांनी पास केलं की उडायचा कागद मिळणार, आणि मग दिवाकरसाहेब याच विमानाने नागपूरला जाणार होते. पाहणीच्या आधी सुई तपासायला विमान कुरुदच्या भाठ्यावर नेलं. भाठा म्हणजे मुरमाची पडीक जमीन, गवताची काडी उगवत नाही अशी सपाट. धड ढकलत नेलं आणि पंख चक्क बैलबंडीवर. कुरुदची माणसं म्हणाली, बंडीवर बसून विमान चाललं.

भाठ्यावर पंख जोडून झाल्यावर दिवाकरसाहेबांनी चुन्याने मोठं वर्तुळ आखलं, त्यात बारा दिशांच्या बारा रेषा काढल्या. केवलरामने शेपटी खांद्यावर घ्यायची आणि विमान एकेका रेषेवर आणून उभं करायचं. साहेब आत बसून सुई वाचणार आणि वहीत लिहिणार. उत्तरेला तोंड केलं, सुई बरोबर. पुढच्या रेषेवर गेले, वीस अंशांची चूक. पूर्वेला आले, चाळीस. दक्षिणेला पुन्हा बरोबर. पश्चिमेला पुन्हा चाळीस, पण उलट्या अंगाने.

दिवाकरसाहेब खाली उतरले. मग म्हणाले, या जमिनीतच लोखंड असणार, शेवटी सगळा मुलूख लोखंडाचा. वर्तुळ तिथून उचलून फर्लांगभर दूर आखलं. तीच चूक. बॅटरी काढून पाहिली. तीच चूक. शेवटी ते चाकाला टेकून बसले.

“डबीच खराब आहे. लढाईचं भंगार, दुसरं काय. आणि परवा पाहणी.”

“चाळीस अंश म्हंजे किती, साहेब?”

“नागपूर म्हणून निघेन आणि चांद्याच्या जंगलात पोहोचेन, इतके. डोंगरगडपर्यंत ठीक आहे, रूळ दिसतात. पुढे धुकं असलं की सुईशिवाय माणसाला काही नाही.” त्यांनी वही मिटली. “बघू. चुकांचा तक्ता लिहून समोर लावतो. नाहीतर रूळ धरून जाईन. जाणार मात्र नक्की.”

जाणार मात्र नक्की, हे केवलरामने ऐकलं. तो शिदोरी घेऊन पळसाच्या झाडाखाली बसला, पण भाकरी हातातच राहिली. डोकं चालू झालं होतं. उत्तरेला बरोबर आणि पूर्वेला चूक, कावून? जमिनीत लोखंड असतं तर विमान कसंही फिरवलं तरी सुई एकाच अंगाला तेवढीच ओढली गेली असती. इथे तर विमान फिरतं तशी चूक फिरते. म्हणजे चूक जमिनीत नाही. आणि डबी बिघडली असती तर ती उत्तरेला तरी बरोबर कशी सांगेल? तो भाकरी तशीच टाकून उठला.

“साहेब, चूक विमानाबरोबर फिरून राहिली. म्हंजे थे विमानातच हाये.”

दिवाकरसाहेबांनी वही उघडली, आकडे पाहिले, आणि डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं. “मिस्त्री, तुम्ही इंजिनियर व्हायला हवं होतं. पण विमानात कुठे? मागे तर एक खिळासुद्धा नाही.”

“पाहतो,” केवलराम म्हणाला.

शिवायची सुई चुंबकावर घासून दोऱ्याला टांगली की ती होकायंत्राचं काम करते, हे साहेबांनीच त्याला कधीतरी दाखवलं होतं. त्याने तशी सुई केली आणि दोरा चिमटीत धरून नाकाकडून निघाला. इंजिनापाशी ती वेड्यासारखी फिरली. ते ठीकच होतं. बैठक ओलांडली तशी शांत झाली. पंखांच्या मागे उत्तर धरून स्थिर राहिली. केवलराम पावलापावलाने शेपटीकडे सरकत होता, मान वाकडी, श्वास रोखलेला, भट्टीपाशी क्रेन पाहताना असायचा तसा. शेपटीच्या पोटाशी आल्यावर सुईने एकाएकी अंग टाकलं, वळली, आणि लाकडावर एका जागी नाक लावून उभी राहिली.

सापडलं, म्हणून आधी त्याला आनंद झाला. खरंच झाला. मग काय सापडलं ते कळलं. गुळगुळीत घासलेलं ते प्लायवूड तो जन्मात विसरणार नव्हता. देवघरात चार वर्षं हळदकुंकू खाल्लं तरी लोखंड ते लोखंडच राहिलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, नेमकं इथे, साहेबाच्या वाटेत ठेवलं होतं.

दिवाकरसाहेब पलीकडे तक्त्याचे आकडे काढत बसले होते. “सापडलं काही?” त्यांनी वर न पाहता विचारलं.

“जरा घरून येतो,” केवलराम म्हणाला. दोन वर्षांत त्याने साहेबाला न दिलेलं हे पहिलं उत्तर.

मथुरा दारात सुपात तांदूळ निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मंग काढून टाका.”

“काढलं अन् त्याले काई झालं तं?”

“न काढता होईन त्याचं काय?”

“सुखरामच्या बंडीत नव्हतं,” केवलराम म्हणाला. “अन् आता साहेबाले सांगाव लागन. सांगतलं का गुण गेला. म्हंजे ठेवलं तरी मीच मारतो त्याले, अन् काढलं तरी मीच.”

मथुराने सूप खाली ठेवलं. दीराचं नाव निघालं की ती नेहमी उठून आत जायची. या वेळी बसून राहिली.

“मले तुमचं सुईबिई समजत नाई,” ती म्हणाली. “पन तुमी आजवर साऱ्या दुनियेले कावून कावून इचारलं अन् लोकायनं तुमाले सांगतलं. आज साहेब तिथं एकटे बसून कावून इचारून राहिले असतीन. उत्तर तुमच्यापाशी हाये. थे घेऊन तुमी घरी कावून आले?”

केवलरामने चपला घातल्या आणि निघाला.

भाठ्यावर पोहोचेपर्यंत त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरला. “साहेब, लोखंड म्या ठेवलं,” एवढंच बोलला. मग हळूहळू सगळं आलं. बंडीची रीत, पहिली धार, क्रेन, लाल कापड. त्याला वाटत होतं, साहेब आता हसतील. किंवा संतापतील, दोन वर्षांची मेहनत आणि हा अडाण्याचा कारभार. हसण्याची भीती जास्त होती.

दिवाकरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “चुंबकाच्या क्रेनमधून पडलं म्हणता? मग ते नुसतं लोखंड नाही, त्यात चुंबक उतरलंय थोडं. तरीच चाळीस अंश.” आणि पटाशी पुढे केली. “काढा.”

प्लायवूड उचकटलं. तुकडा हातात घेऊन केवलराम पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहिला, हात अंगापासून दूर, विंचू धरल्यासारखा. बंडीवाल्याच्या मदतीने साहेबांनी विमान पूर्वेला वळवलं. मग आतून त्यांचा आवाज आला, “एक अंश.” पश्चिमेला वळवलं. “दीड.” ते उतरले तेव्हा त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. केवलराम मात्र तिथेच उभा. साहेब त्याच्याजवळ चालत गेले.

“आता काय झालं?”

मग केवलरामने सुखरामचं सांगितलं. आजवर मथुरा सोडून भिलाईत कुणाला सांगितलं नव्हतं. राखण राहून गेली आणि बंडी मोडली, एवढंच ते सांगणं.

“बंडी मोडली कुठून?” दिवाकरसाहेबांनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. काही मोडलं की कुठून मोडलं हे ते रोजच विचारायचे.

पण हे त्याला बापाने विचारलं नव्हतं, गावाने विचारलं नव्हतं.

“आसातून,” तो म्हणाला. “दोन चाकांच्या मधलं आडवं लाकूड राह्यते, त्यातून.”

“कावून?” साहेबांनी विचारलं. त्याचा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता, इतकंच.

“वलं होतं.” केवलरामला आपलाच आवाज परका वाटला. “धावड्याचं लाकूड. एक उन्हाळा वाळू द्याचं होतं. सुखराम थांबत नव्हता, अन् म्या लावलं. मले माहीत होतं साहेब. लावतानाच माहीत होतं.”

तो खाली बसला आणि रडला. चांगला घळाघळा रडला. दहा वर्षांचं होतं ते. दिवाकरसाहेबांनी समजूतबिमजूत घातली नाही. शेजारी मुरमावर बसून राहिले आणि पलीकडे कारखान्याच्या चिमण्यांकडे बघत राहिले. बंडीवाला बैल घेऊन पाणी पाजायला निघून गेला.

बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, “मिस्त्री, इंजिनापाशी मणभर लोखंड आहे. त्यात हा एवढासा तुकडा बसवला तर डबीला तिकडे शेपटीत पत्ताही लागणार नाही. तिथे बसवा. तुमची राखण राहील, माझी सुईही राहील.”

“पन तुमाले सांगून झालं. मालकानं पाह्यचं नसते.”

“आहे हे कळलं, त्याला आता इलाज नाही. कुठे आहे ते कळू देऊ नका. मी पाठ करतो.” आणि खरोखरच तो रोलिंग मिलचा इंजिनियर उठला, विमानाकडे पाठ केली, आणि हात मागे बांधून चिमण्यांकडे तोंड करून उभा राहिला.

केवलराम तुकडा घेऊन इंजिनापाशी गेला. दोन बोल्टांच्या मधे जागा होती. त्याने तुकडा तिथे धरून पाहिला, साहेबांच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या लोखंडाकडे पाहिलं. मग तो तुकडा त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला आणि शेपटीकडे गेला.

शेपटीच्या अगदी टोकापासून त्याने सुरुवात केली. पहिल्या जोडावर अंगठा दाबला, बोटाने टकटक केलं, कान लावला. मग दुसरा जोड. मग तिसरा. ठोकळे, फासळ्या, पंखांचे मुख्य वासे. जिथे हात जात नव्हता तिथे पोटावर पडून हात घातला.

“झालं का?” साहेबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

“थांबा साहेब. घाई नका करू.”

डाव्या पंखाच्या मुळाशी एका जोडाचा आवाज त्याला पसंत पडला नाही. दोनदा ऐकला. दोन स्क्रू काढले, पाचर बदलली, सरस भरला, स्क्रू पुन्हा आवळले, आणि सरस धरेपर्यंत त्यावर हाताचा दाब देऊन बसून राहिला. ऊन उतरलं. दिवाकरसाहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटचा जोड ऐकून झाल्यावर केवलराम उठला आणि गुडघ्यांची धूळ झटकली.

“झालं,” तो म्हणाला.

पाहणीचे अधिकारी आले, बारा रेषांवर विमान फिरवून पाहिलं, सुईची सर्वांत मोठी चूक दोन अंश निघाली. मार्चमध्ये दिवाकरसाहेब नागपूरला गेले. डोंगरगडच्या पुढे खरंच धुकं होतं आणि रूळ दिसेनासे झाले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते परत आले तेव्हा सगळं कुरुद भाठ्यावर लोटलं होतं. मथुरा आली होती. तुकडा घरी देवघरात होता. सकाळीच तिने त्याला कुंकू लावलं होतं आणि नवऱ्याला काही विचारलं नव्हतं.

दिवाकरसाहेब खाली उतरले आणि त्यांनी इंजिनाच्या पत्र्यावर प्रेमाने दोन थापा मारल्या. “तुमची राखण पक्की आहे, मिस्त्री. कुठे बसवलीत ते मात्र विचारत नाही.”

“नका इचारू,” केवलराम म्हणाला आणि शेपटीकडे जाऊन पहिल्या जोडाला कान लावला.